पेरिनचे अठरा कागद

१

पेटी क्रमांक एकशे बारा तिच्या जागेवर होती. सुती फीत होती, गाठ होती, झाकणावर आंसेल्म त्रेगूएरच्या हातची चिठ्ठी होती: ‘पेरिन केरगाल, १७८९ ते’. पुढची जागा कोरी. सोलेननं गाठ सोडली, झाकण उचललं आणि तशीच थांबली.

“मस्यू त्रेगूएर, यात किती कागद होते?”

“एकोणीस.” खिडकीशी आरामखुर्चीत बसलेला म्हातारा म्हणाला. नाकाला प्राणवायूची नळी होती. दोन-चार वाक्यं झाली की तो थांबायचा, एक श्वास घ्यायचा आणि मगच पुढं बोलायचा. “मोजून एकोणीस.”

“आता एक आहे.”

सोलेन जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांची पारख करायची. सँ-सेर्व्हांच्या बंदराजवळच्या या घरात ती आज दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा आली होती महिन्यापूर्वी, यादी करायला. म्हाताऱ्यानं आयुष्यभर जमवलेले हस्तलिखित कागद तो दप्तरखान्याला देणार होता: करारनामे, मृत्युपत्रं, जहाजांच्या मालाच्या पावत्या, व्यापाऱ्यांची पत्रं, सगळे दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे. उद्या सकाळी गाडी येणार होती. आज फक्त पेट्या मोजून सही घ्यायची होती.

म्हातारा ओरडेल, छाती धरेल, असं तिला वाटलं. त्यानं फक्त डोळे मिटले.

“कुठला राहिलाय?”

“आईचं पत्र. एकोणनव्वद सालचं.”

त्यानं हळूच श्वास सोडला. “पोलिस नकोत,” तो म्हणाला. “तुम्हीच शोधा, बाई. आणि जरा लवकर. डॉक्टरनं मला नाताळ कबूल केलेला नाही.”

सोलेन पुन्हा पेटीत बघत राहिली. लाल लाखेची मोहर, जहाजाचं नाव, राजाच्या काळातली तारीख. अख्ख्या पेटीत विकायला काढावा असा हा एकच कागद होता, आणि चोरानं तोच सोडून दिला होता.

२

हे पत्र तिला जवळजवळ पाठ होतं. केरगाल नावाच्या कापड व्यापाऱ्याच्या विधवेनं ते लोरियां बंदरातल्या दलालाला लिहिलं होतं: माझी पेरिन, वय एकोणीस, तुमच्या जहाजानं फ्रान्सच्या बेटाला निघाली. (आजच्या मॉरिशसला तेव्हा तेच नाव होतं.) सात महिने झाले, खबर नाही. जहाज पोचलं का? पोर जिवंत आहे का? एवढं एका ओळीत कळवा, मी उत्तराच्या टपालाचा खर्च आधीच भरला आहे.

आंसेल्मला ते अठरा वर्षांपूर्वी एका जुन्या बाजारात मिळालं. तोवर तो मिळेल तो कागद उचलायचा. त्या दिवसापासून तो पेरिनच्या मागं लागला. आणि पेरिन सापडतही गेली. जहाजातून उतरल्याची चिठ्ठी, आईला पत्र, भाड्याच्या खोलीचा करार, लग्नाचा करार, दोन बाळंतपणं, टोप्यांचं दुकान. तिकडून घरी पाठवलेल्या नकला आणि पत्रं, एकामागून एक. शेवटचा कागद या वसंतातला: पेरिन, वय सदतीस, दुकानावर नवी पाटी लावते आणि आईला विचारते, निळा रंग चांगला की हिरवा.

“आता फक्त तिच्या मृत्यूचा दाखला हवा,” मागच्या खेपेला म्हातारा म्हणाला होता. “तो मिळाला की पेटी पुरी झाली.”

म्हाताऱ्यानं पेटी शेवटची शनिवारी पाहिली होती, आणि रविवारी घरात तिघंच होती. म्हाताऱ्याचा पुतण्या एर्वे, जुन्या कागदांचा व्यापारी फ्लोईक, आणि घरातच राहणारी म्हाताऱ्याची बायको मारिव्हॉन.

एर्वे दुपारी भेटला. गळ्यात रुमाल, पायांत चकाकते बूट. “काकांना मीच सांगत होतो, लिलाव करा म्हणून,” तो जिन्यातच उभा राहून म्हणाला. “दप्तरखान्याला फुकट! तुम्ही लोक हे तळघरात ठेवणार, उंदीर वाचणार.”

“आमच्याकडे उंदीर नाहीत.”

“म्हणजे तेसुद्धा कंटाळून गेले.” तो स्वतःच हसला, मग ओशाळला. “बघा, मी लोभी असेन, पण मूर्ख नाही. पेटीतलं मोहरेचं पत्र गेलंय का?”

“नाही. तेच राहिलंय.”

“मग माझ्याकडे कशाला बघता? मी घेतलं असतं तर तेवढंच घेतलं असतं.”

खोटं बोलत नव्हता. सोलेनला त्याचा राग आला तो त्यामुळेच.

“रविवारी काका-काकूंचं भांडण झालं,” एर्वे जाता जाता म्हणाला. “काका म्हणाले, तो शेवटचा कागद आण, मारिव्हॉन, बाजारात शोध, मला वेळ नाही. आणि काकू ताट टाकून उठली. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला ताट टाकताना पाहिलं नव्हतं. एका कागदासाठी?”

३

फ्लोईकचं दुकान चर्चच्या मागं होतं. आत उजेड कमी आणि धूळ जास्त. फ्लोईक स्वतः पिंपासारखा, दाढीत पावाचे कण.

“या, सरकारी बाई! काय जप्त करायचंय?”

“अठरा कागद गेलेत त्रेगूएरांकडून.”

त्याचा हात खोक्यावर होता तिथेच थांबला. “पेरिन?”

मी पेटीचं नाव घेतलं नव्हतं, सोलेनच्या मनात आलं. “तुम्हाला कसं कळलं?”

“दुसरं कुठलं अठराचं बाड आहे त्याच्याकडे?” त्यानं दाढी झटकली. “मी नाही घेतले.”

“तुम्हीच विकलेत ना त्याला? सगळे?”

“माझ्या टेबलावर मिळाले. विकले म्हणणं जरा... बसा की. कॉफी?”

“मस्यू फ्लोईक, मागच्या वर्षी...” ती थांबली, नोंद तिनं वहीत बघितली. “नांतचा एक संग्राहक तुमच्या टेबलाशी आला होता. पेरिनचं पत्र त्याच्या हातात होतं. तुम्ही ते त्याच्या हातातून ओढून घेतलंत. भांडण झालं. बाजाराच्या आयोजकांनी मला आत्ताच सांगितलं.”

“राखून ठेवलं होतं.”

“कोणासाठी ते कळलं. पण त्रेगूएर तर सांगतात, मी खोक्यात हात घालतो आणि ती आपोआप सापडते. राखून ठेवलेली वस्तू खोक्यात का टाकता?”

एवढा मोठा माणूस, पण ओरडा खाल्लेल्या शाळकरी पोरासारखा जमिनीकडे बघत होता.

“अजून एक. दोन वर्षांपूर्वी साथीत सगळे बाजार बंद होते. त्या वसंतातही एक कागद आला. टपालानं, तुमच्याकडून. तुम्हाला कुठून मिळाला?”

“ओ बाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्हाला मूल आहे?”

“मुलगी आहे. तीन वर्षांची.”

“मग मला विचारू नका. घरी जा आणि तिला पोटाशी धरा. तुम्ही ज्याला चोरी म्हणताय ती चोरी नाही, एवढंच मी सांगेन. बाकी तुरुंगात टाका.”

सोलेन बाहेर पडली. तिनं फोन काढला. महिन्यापूर्वी तिनं त्या एकोणीसही कागदांचे फोटो काढून ठेवले होते. हे कोणालाच माहीत नव्हतं.

४

बंदराच्या कठड्यावर बसून तिनं ते फोटो एकेक करून मोठे केले. शाई लोहाची, तपकिरी पडत चाललेली. कागद जुना, हातानं बनवलेला, आत साच्याच्या जाळीच्या रेघा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या नव्या पंचांगाच्या तारखाही बिनचूक. काही खोट काढायला जागा नव्हती.

मग तिनं म्हाताऱ्याकडून मागून आणलेली नोंदवही उघडली. कुठला कागद कधी मिळाला, त्याची.

पहिल्या वसंतात मिळाला पेरिनच्या विसाव्या वर्षीचा कागद. दुसऱ्या वसंतात एकविसाव्या वर्षीचा. तिसऱ्या वसंतात बाविसाव्या वर्षीचा. अशी अठरा वर्षं, एकदाही क्रम न चुकता.

सोलेन बारा वर्षं या धंद्यात होती. जुने कागद असे मिळत नाहीत. माळे रिकामे होतात ते कसेही. आधी नातवाची वाटणी हाती लागते, दहा वर्षांनी आजीचं लग्न, आणि जन्म तर बहुधा सापडतच नाही. इथं मात्र एक मुलगी सरळ, दर वर्षी एका वर्षानं मोठी होत आली होती. दोनशे वर्षांपूर्वी मेलेली मुलगी.

आणि मग तिला रेघा दिसल्या.

तिनं त्या आधीही पाहिल्या होत्या, म्हणूनच दिसल्या नव्हत्या. जुन्या करारनाम्यांत त्या सगळीकडे असतात. लिहिता लिहिता ओळ अर्धी राहिली की नोटरीच्या कचेरीतला कारकून उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढतो, म्हणजे मागाहून कुणी तिथं शब्द घुसडू नये. आंसेल्मच्या दोनशे पेट्यांत हजारो अशा रेघा होत्या. पण या रेघा करारात नव्हत्या. पत्रात होत्या. ‘आई, इथं आंबे मिळतात’ आणि पुढं कागदाच्या कडेपर्यंत रेघ. ‘मला तुझी आठवण येते’, रेघ.

आईला लिहिलेल्या पत्रात कोण मोकळी जागा बंद करतं?

फोन वाजला. पाळणाघर. तिच्या मुलीला, एनोराला ताप, अडतीस पूर्णांक चार, घाबरू नका, औषध दिलंय, पण या. सोलेननं नवऱ्याला फोन लावला, तो निघाला. ती तशीच त्रेगूएरांच्या घरी परत गेली आणि दारात न थांबता बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात शिरली. नवऱ्याच्या संदेशाची वाट बघताना तिला समोर कुणी नको होतं.

अंगण म्हणजे चार भिंती आणि दगडी फरशी. फरशीच्या फटीफटीत हिरवंगार शेवाळ, भिंतीवर शेवाळ, पायरीवर शेवाळ. दाराशी शेवाळ मारायच्या पावडरची पिशवी. लोहाचा क्षार, पाच किलो, अर्धी संपलेली. तरी अंगणात टाचेएवढीसुद्धा जागा शेवाळाविना नव्हती.

फळीवर मुरंब्याच्या बरण्या होत्या. पिवळे आलुबुखार, अंजीर, गुलकंद. शेवटच्या बरणीत मुरंबा नव्हता. ओकच्या झाडावर येणाऱ्या सुक्या गाठी होत्या, वाटाण्यांसारख्या, तळाशी भुगा. लोहाचा क्षार आणि ओकच्या गाठी. पाण्यात उकळल्या की दोनशे वर्षांपूर्वीची शाई होते.

तिनं बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. ‘अंजीर, सप्टेंबर’ आणि पुढं चिठ्ठीच्या कडेपर्यंत आडवी रेघ. प्रत्येक बरणीवर.

मागून कुणीतरी म्हणालं, “थंडीत उभ्या राहू नका, बाई. आत या. ताप किती आहे पोरीला?”

५

मारिव्हॉन त्रेगूएर उंच होती, पाठ अजून ताठ. एकतीस वर्षं तिनं गावच्या नोटरीच्या कचेरीत कारकुनी केली होती. तिनं मोठ्या वाडग्यात कॉफी ओतली, लोणी लावलेला पाव पुढं केला.

“तुम्हाला कसं कळलं, ताप आहे ते?”

“तुम्ही फोनकडे ज्या नजरेनं बघत होता तशी मी बघायची. तेव्हा फोन भिंतीवर असायचा एवढंच. खा.”

सोलेननं पावाला हात लावला नाही. “मादाम, मी बोलू?”

“तुम्ही त्यासाठीच आलात.”

“पेटी कुणी फोडली नाही. फीत सोडून पुन्हा बांधली. विकायला नेणाऱ्यानं मोहरेचं पत्र नेलं असतं, म्हणून एर्वे नाही आणि फ्लोईकही नाही. चोरानं एकच खरा कागद ठेवला आणि अठरा खोटे नेले. कुठला खरा, कुठले खोटे, हे दप्तरखान्याच्या आधी ज्याला माहीत होतं त्यानंच हे केलं. शाई अंगणात आहे. जुना कोरा कागद घरातल्या दोनशे पेट्यांतून मिळतो, प्रत्येक वहीच्या शेवटी दोन-चार पानं कोरी असतात. आणि तुम्ही पत्रातसुद्धा रेघा ओढता.”

मारिव्हॉननं टेबलावरच्या वाणसामानाच्या यादीकडे बघितलं. ‘दूध’, रेघ. ‘त्याची औषधं’, रेघ.

“हात ऐकत नाही,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं. साहेब म्हणायचे, मारिव्हॉन, मोकळी जागा सोडलीस तर उद्या तिथं कुणीही काहीही लिहील.”

“नोलवेन किती वर्षांची होती?”

हा प्रश्न अंधारात टाकलेला खडा होता. मागच्या खेपेला जिन्यात सोलेननं एक फोटो पाहिला होता, हसरी मुलगी, खाली नाव. त्या मुलीबद्दल या घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

म्हातारी उठली. खिडकीशी गेली. परत आली. बसली.

“रेन शहराच्या रस्त्यावर,” ती म्हणाली. “सकाळी. धुकं होतं. कॉलेजचं पहिलं वर्ष.” तिनं वाडगा बाजूला सारला. “त्यानंतर आंसेल्म बोलायचा बंद झाला. जेवायचा, झोपायचा, बोलायचा नाही. सहा महिन्यांनी एका रविवारी तो ते पत्र घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर मला वाचून दाखवलं. पोर जिवंत आहे का, एका ओळीत कळवा. वाचताना रडला. बोलला! म्हणाला, मारिव्हॉन, हिला उत्तर मिळालं असेल का गं?”

“आणि तुम्ही उत्तर लिहिलंत.”

“एकच लिहायचं होतं. जहाज पोचलं, पोर उतरली, खुशाल आहे. फ्लोईकला म्हटलं, तुझ्या खोक्यात टाक. आंसेल्म घरी आला तो नाचत. बाई, नाचत! मग पुढच्या वर्षी...” तिनं हात हवेत हलवला. “पुढच्या वर्षी ती एकवीस झाली असती. एकविसाव्या वर्षी मुली काय करतात? खोली घेतात. मी खोली घेऊन दिली. बाविसाव्या वर्षी लग्न लावलं. नवरा कोण द्यायचा यावर मी चार महिने काढले. आंसेल्मला तो आवडला नाही.” ती हसली, आणि ते हसणं सोलेनला बघवेना. “तिसावं वर्ष मला जड गेलं. तिच्या मैत्रिणी गावात दिसतात ना. कुणाचं वजन वाढलंय, कुणाचा घटस्फोट झालाय. मी त्यांच्याकडून उचलायची. यंदा दुकानाला पाटी.”

“मग पेटी रिकामी का केलीत?”

“तुम्ही भिंगं घेऊन बसणार म्हणून. दुसरं काय? उद्या तुमचं पत्र येणार, ‘सदर कागद बनावट’, आणि त्याला मरता मरता कळणार की बायकोनं अठरा वर्षं फसवलं.”

“एवढंच?”

म्हातारीचा आवाज पहिल्यांदा चढला. “तो मागतोय ना! ऑगस्टपासून मागतोय! मृत्यूचा दाखला आण, मृत्यूचा दाखला आण. मी काहीही लिहीन. तिला म्हातारी करीन, पांढरे केस देईन, नातवंडं देईन. तो कागद मी नाही लिहिणार. माझ्या हातानं नाही.”

सोलेनचा फोन थरथरला. ‘ताप उतरला. झोपलीय.’ तिनं तो उलटा ठेवला. या बाईसमोर तो संदेश वाचल्याची तिला लाज वाटली.

“मी त्यांच्याशी बोलते,” ती म्हणाली.

“काही सांगू नका त्याला. तुमच्या पोरीची शपथ घ्या.”

सोलेननं शपथ घेतली.

६

आंसेल्म जागा होता. खाली पाणी उतरलं होतं, जहाजं आत-बाहेर सोडणाऱ्या बंदराच्या जलद्वाराशी दोन होड्या थांबलेल्या दिसत होत्या. त्या जलद्वारावर त्यानं आयुष्यभर नोकरी केली होती.

सोलेन खुर्ची ओढून बसली. काय खोटं बोलावं हे तिनं जिन्यात ठरवलं होतं. “मस्यू त्रेगूएर, कागदांचा शोध लागत नाही. मला वाटतं...”

“कोणी लिहिलंय ते सांगू नका,” तो म्हणाला.

तिनं वही मिटली.

“मी जलद्वारावर होतो, बाई. चाळीस वर्षं. जहाजं नंबरानं येत नाहीत.” श्वास. “मोठं येतं, मग छोटं. उद्याचं आज येतं. तिसऱ्या वर्षी मला कळलं. पेरिन फारच शहाण्यासारखी, ओळीनं येत होती.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर चौथ्या वर्षी कोण आलं असतं?”

बाहेर शिट्टी झाली, जलद्वार उघडायला लागलं. दोघंही तिकडे बघत राहिले.

“मी नवऱ्याला नावं ठेवायचो,” तो म्हणाला, “पेरिनच्या. जेवताना. म्हणायचो, हा माणूस तिला सुखात ठेवणार नाही. मग पुढच्या वर्षीच्या पत्रात तो सुधारलेला असायचा.” श्वास. “आमच्यात नोलवेनचं नाव निघत नाही, बाई. पेरिनबद्दल आम्ही तासन् तास बोलतो.”

“मग तो दाखला का मागता? मादामना किती त्रास होतोय तुम्हाला माहीत नाही.”

“माहीत आहे.” त्याचे डोळे भरले नव्हते. ते केव्हाच आटले असावेत. “आमच्या पोरीच्या वेळी नगरपालिकेत मी एकटा गेलो होतो. दाखल्याखाली माझी एकट्याची सही आहे. मारिव्हॉन आली नाही. नंतरही तिनं तो कागद पाहिला नाही. दुसऱ्यांचे हजार दाखले लिहिलेली बाई. अंत्यविधीला ती उभी होती, पण ती तिथं नव्हती.” तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. “मी असेपर्यंत ठीक होतं. दोघं मिळून पोर वाढवत होतो. मी गेल्यावर ती या टेबलाशी एकटी बसेल आणि अडतिसावं लिहील. मग एकोणचाळिसावं. वाचणारा कोणी नाही. बाई, कागदावरची पोर मरत नाही. ती मारिव्हॉनला धरून बसेल.”

“तुम्हीच सांगा ना त्यांना.”

“अठरा वर्षं सांगितलं नाही. आता तेवढा श्वास नाही.” त्यानं सोलेनच्या मनगटावर हात ठेवला. कागदासारखाच हात, कोरडा, हलका. “तुम्ही परक्या आहात. परक्यानं सांगितलेलं ऐकता येतं.”

सोलेननं शपथ घेतली होती ती आंसेल्मला काही न सांगण्याची. मारिव्हॉनला काही न सांगण्याची शपथ तिनं घेतली नव्हती.

७

स्वयंपाकघरात तिनं सगळं सांगितलं. एकही शब्द न गाळता, त्याच्या श्वासांसकट. मारिव्हॉन ऐकत असताना पाव कापत होती, कापतच राहिली, शेवटी टेबलावर नुसत्या चकत्या उरल्या.

“तिसऱ्या वर्षी?” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे तो नाचला ते...”

“पहिल्या वर्षीचं नाचणं खरं होतं, मादाम.”

म्हातारीनं सुरी ठेवली. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटातल्या घडी घातलेल्या उशांच्या अभ्र्यांखालून तिनं अठरा कागद आणले. सोलेनपुढं ठेवले. “घ्या. करा काय करायचं ते.”

सोलेननं आपला सरकारी कागद उघडला. बनावट दस्त सापडला की तो जप्त करून वर कळवायचा, हे तिचं काम होतं. बारा वर्षांत तिनं एकदाही त्यात कसूर केली नव्हती. तिनं लिहिलं: ‘पेटी एकशे बारा. एक पत्र, १७८९. बाकी काही नाही.’ खाली सही केली आणि अठरा कागद परत म्हातारीकडे सरकवले.

मग मारिव्हॉननं खणातून दौत काढली, टाक काढला, जाळीच्या रेघांचा एक कोरा कागद काढला. उतरत्या दुपारचा उजेड टेबलावर तिरपा पडला होता. तिनं चष्मा पुसला, एकदा, दोनदा. मग लिहायला लागली, कचेरीतल्या वळणदार, कोरड्या अक्षरात: आज सकाळी, आमच्यासमोर हजर झालेल्या इसमाच्या सांगण्यावरून...

टाक थांबला.

“वय,” ती म्हणाली.

सोलेन पुढं वाकली. “ऐंशी लिहा,” ती पटकन म्हणाली. “नव्वद लिहा. बिछान्यात, भोवती नातवंडं. तुमच्या हातात आहे, मादाम.”

मारिव्हॉननं टाक शाईत बुडवला आणि लिहिलं. सोलेननं उलट्या बाजूनं वाचलं. एकोणीस.

“मादाम, तसं कसं? बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालंय. दोन मुलं आहेत. दुकान आहे.”

“ते सगळं मी रचलं होतं,” मारिव्हॉन म्हणाली. “हे मी रचलेलं नाही.”

नावाच्या जागी तिनं पेरिन लिहिलं नाही.

शाई वाळेपर्यंत ती कागदाकडे बघत बसली. मग तो दोन्ही हातांवर आडवा धरून, जणू त्याला वजन आहे अशी, जिना चढू लागली. सोलेन तिच्यामागं गेली नाही. ती जिन्याच्या तळाशी उभी राहिली.

वरून वाचण्याचा आवाज आला. कचेरीतला आवाज होता, स्पष्ट, एका सुरातला. तारीख. वेळ. रस्ता. मग ‘नोलवेन’ आलं, आणि आवाज तिथेच अडला. पुन्हा उचलला, पुन्हा अडला.

मग पुढचे शब्द आंसेल्मनं म्हटले. एकेका श्वासाला एक, कागदाकडे न बघता, शेवटच्या ओळीपर्यंत. त्याला ते सगळे पाठ होते.